चौथ्या लेनचं घड्याळ

बातमीवाल्या बाईंवर माझा संशय पहिल्या दिवसापासून होता. कारण साधं होतं. त्यांचं कोणीही पोहत नव्हतं.

तलावावर रविवारी सकाळी सहाला जी माणसं येतात त्यांचं तिथे काहीतरी अडकलेलं असतं. मुलगी, पुतण्या, नातू. माझी नात पोहते म्हणून मी येत होतो. बाई मात्र सगळ्यांच्या आधी हजर. लेनचे दोर ताणायला हात लावायच्या, ओल्या बाकांवर फडकं मारायच्या, मग गळ्यात घड्याळ अडकवून चौथ्या लेनच्या टोकाशी उभ्या राहायच्या. एकदा उभ्या राहिल्या की चार तास बसत नसत. कोणी "नमस्कार बाई" म्हटलं तर निम्म्या वेळा उत्तर नाही. महिन्यातून एकदा त्या जलतरण संघटनेचं दोन पानी बातमीपत्र काढायच्या. कोण जिंकलं, कोणाची वेळ किती, पुढची स्पर्धा कधी. लिहायच्या त्या, घड्या घालायच्या त्या, वाटायच्याही त्याच. फुकट.

मी बत्तीस वर्षं पुलांच्या कारखान्यात रिव्हेट मारले. फुकट काम करणारा माणूस बघितला की मी आधी त्याचे खिसे बघतो.

नात तेरा वर्षांची. पन्नास मीटर फ्रीस्टाइल. विभागाच्या संघात जायचं तर एकतीस सेकंदांच्या आत यावं लागतं. त्या एका आकड्यासाठी पोरगी दोन वर्षं पहाटे पाचला उठत होती. कोणी उठवायला लागत नव्हतं. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

मोसमातल्या पहिल्या स्पर्धेत ती चौथ्या लेनमध्ये होती. दुसरी आली. पाचव्या लेनमधली मुलगी तिच्यामागून भिंतीला टेकली. वीतभर मागून. मी कठड्यावरून डोळ्यांनी पाहिलं आणि पंचांनीही तोच क्रमांक दिला. मग वेळा फळ्यावर लागल्या. माझी नात, दुसरी, एकतीस पूर्णांक शून्य नऊ. पाचव्या लेनची मुलगी, तिसरी, तीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

म्हणजे मागून आलेली संघात. पुढे आलेली घरी.

मी संघटनेच्या सेक्रेटरीकडे गेलो. हा माणूस धंद्याने दाताचा डॉक्टर, बोलतानाही समोरच्याचे दात बघतो.

"मागची पुढची झाली कशी?" मी विचारलं.

"आजोबा, क्रमांक डोळ्यांनी ठरतो, वेळ घड्याळावर. खरं तर लेनला तीन घड्याळं हवीत. माणसंच येत नाहीत, म्हणून एकेकच आहे. शंभराव्या भागात होतं इकडेतिकडे."

"इकडेतिकडे म्हणजे नेमकं कोणाकडे?"

त्याने हात धुवायला घेतले.

संध्याकाळी सूनबाईने बाहेरून बातमी आणली. पाचव्या लेनची मुलगी बातमीवाल्या बाईंच्या नणंदेची. सख्ख्या नणंदेची.

"तरीच!" मी म्हणालो. कुठे पाणी मुरतंय ते सापडलं होतं. भाचीची वेळ कमी करता येत नाही, तिच्या लेनवर औषधाच्या दुकानाचा मालक उभा असतो. पण माझ्या नातीची वाढवता येते. बटण जरा उशिरा बंद केलं की झालं.

मी तक्रार लिहिली. एक पान, गाळलेलं काही नाही. "चौथ्या लेनच्या बाई नातलगाच्या फायद्यासाठी वेळ वाढवतात असा माझा संशय आहे," असं सरळ लिहिलं. पेटीत टाकली आणि ती आता केराच्या टोपलीत जाणार असं धरून चाललो.

पुढच्या बातमीपत्रात ती पहिल्या पानावर होती. पूर्ण. एक शब्द कापलेला नाही. उलट माझ्या दोन चुका दुरुस्त केलेल्या. खाली एक ओळ बाईंची: "वेळ घेणाऱ्यांच्या तीन जागा रिकाम्या आहेत. तक्रारदारांना दिसतं चांगलं. त्यांनी यावं."

"घ्या," सूनबाई म्हणाली. "तोंडात मारून जागा पण दिली."

"मोठा डाव आहे तिचा," मी म्हणालो. आणि गेलो.

सेक्रेटरीने मला चौथ्या लेनवरच उभं केलं, बाईंच्या शेजारी. नात त्या दिवशी दुसऱ्या लेनमध्ये होती, त्यामुळे आपल्याच लेकराची वेळ घेऊ नये हा नियम आडवा आला नाही. एका लेनवर दोन घड्याळं, दोन्हींच्या मधली वेळ धरायची. मला हवं होतं तेच. हातभर अंतरावरून त्यांचा अंगठा दिसत होता.

"मिस्त्री, पाय पुसून उभे राहा. घसराल," एवढंच त्या मला बोलल्या. राग नाही, लोभ नाही. ते मला जास्तच खटकलं.

मी खिशात वही ठेवली होती. प्रत्येक शर्यतीला दोन आकडे, माझा आणि त्यांचा. तीन रविवार भरवली. घरी बसून पाहिलं तर शंभर आणि दोनशे मीटरच्या शर्यतीत आमच्या वेळा तंतोतंत. फार तर दोन-तीन शतांशांचा फरक. पन्नास मीटरला मात्र बाईंची वेळ दर वेळी माझ्यापेक्षा जास्त. चौदा, पंधरा, सोळा शतांश. मुलगी कोणाचीही असो, आपली वा परकी.

परक्या मुलींचंही नुकसान करून हिला काय मिळतं? हे कोडं काही सुटेना. घड्याळ बिघडलं असेल म्हणून चौथ्या रविवारी मी म्हणालो, "बाई, माझं बटण जड लागतंय. बदलायचं?"

त्यांनी गळ्यातून काढून दिलं. का म्हणून विचारलं नाही.

फरक तसाच राहिला. म्हणजे घड्याळ सुटलं. उरला हात.

पुढची शर्यत पन्नासची होती. आमचा तलाव पन्नास मीटरचा. लांब शर्यतींत पोरं आमच्याच टोकाकडून उड्या मारतात आणि इथेच परत येतात. पन्नासची मात्र पलीकडच्या टोकाला सुरू होते, इथे संपते. त्या वेळी मी पलीकडे बघितलंच नाही. माझे कान हॉर्नवर आणि डोळे बाईंच्या अंगठ्यावर. अंगठा दबला. मग हॉर्न ऐकू आला.

आधी अंगठा. मग हॉर्न.

शर्यत संपली, वेळा लिहिल्या, तसा मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बाई, आता बोला. हॉर्न वाजायच्या आधी बटण दाबलंत. या डोळ्यांनी पाहिलं."

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. "हॉर्न कशाला? मी दिव्यावर दाबते."

पलीकडच्या टोकाला स्टार्टरच्या हातात जो हॉर्न असतो त्यावर लहान दिवा बसवलेला आहे. हॉर्नबरोबर तो चमकतो. मला वाटायचं शोभेचा आहे.

"आणि हॉर्न?"

"तो मला ऐकू येतच नाही हो." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "हा पूर्ण गेला. डावा निम्मा. पंचवीस वर्षं छापखान्यात मशिनीला कागद लावला. तुमचाही गेला असेल की थोडाफार."

माझे कान शाबूत आहेत, मी कापूस घालायचो. पण मला आठवलं ते वेगळंच.

आमच्या कारखान्याचं आवार लांबलचक. त्या टोकाला गडी घण मारायचा तेव्हा घण आधी पडलेला दिसायचा आणि ठणका मागून यायचा. बत्तीस वर्षं रोज पाहिलं. नव्या माणसाला मी हे गंमत म्हणून दाखवायचो. आणि इथे पन्नास मीटरवरचा आवाज कानात पडेपर्यंत मी घड्याळ थांबवून ठेवत होतो. मी आणि बाकीच्या सगळ्या लेनवरचे सगळे. आम्ही सगळे पोरांना पंधरा शतांश फुकट वाटत होतो. बरोबर वेळ एकटी बहिरी बाई लावत होती.

"दिव्यावर दाबायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. ऐकू येत नाही, मग दिसतं त्यावर काम करायचं. मला वाटलं सगळे तसंच करतात."

"आणि तुमचं इथे कोणी पोहत नसताना येता कशाला?" तीन रविवार जिभेवर असलेलं मी विचारून टाकलं.

"मुलगा पोहायचा. दोन वर्षांत कंटाळला, सोडून दिलं. मी राहिले. बातमीपत्राला माणूस मिळत नव्हता." आणि त्या पुढच्या शर्यतीसाठी घड्याळ शून्यावर आणून उभ्या राहिल्या.

आता अडचण. मधल्या काळात, माझ्या पहिल्याच रविवारी, दुसऱ्या लेनमध्ये नातीची वेळ तीस पूर्णांक एक्याण्णव लागली होती. त्या दिवशी तिथे औषधवाला होता, कानाने वेळ घेणारा. नात संघात आली होती. संघाचा निळा शर्ट घरी आला होता आणि ती तो घालूनच झोपत होती. पंधरा शतांश मिळवा. एकतीसच्या वर जाते.

दोन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. आवाज उशिरा पोचतो, पन्नासच्या सगळ्या वेळा चुकल्या आहेत, माझा पहिला आरोप खोटा होता, निवड पुन्हा घ्यावी. तेवढं लिहून बाईंच्या घरी नेलं. एक खोली, भिंतीला जुन्या बातमीपत्रांचे गठ्ठे, सुतळीने वर्षवार बांधलेले. गाठी एकसारख्या.

त्यांनी पत्र उभ्यानेच दोनदा वाचलं. "नातीला विचारलंत?"

"नाही."

"मग आधी विचारा. मी मंगळवारपर्यंत थांबते." पुन्हा कागदाकडे बघितलं. "आणि हे अर्धवट आहे. माझ्या कानाचं लिहिलं नाहीत."

"ते कशाला? उद्या तुम्हालाच काढतील."

"पहिलं पत्र पुरं छापलं. हेही पुरंच छापणार." पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच खाली ओळ घातली. बहिरी बाई वेळ घेते, हे त्यांनी नऊ वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं.

नातीला त्याच रात्री सांगितलं. ती पोळपाटासारखा सपाट चेहरा करून ऐकत राहिली.

"म्हणजे मी एकतीसच्या आत आलेच नाही?"

"बहुतेक नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं घड्याळ धरायला?"

सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हाला स्वतःच्या घरात तरी गप्प बसता येतं का?" मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला.

पाच दिवस नात माझ्याशी बोलली नाही. मंगळवारी पहाटे मी तिला नेहमीसारखं तलावावर सोडलं. फाटकाशी उतरली, चार पावलं गेली, परत आली.

"पुन्हा घ्यायला सांगा. पण माझ्या लेनवर त्या बाईच पाहिजेत. मला नंतर भांडण नको."

पत्र छापलं गेलं. व्हायचा तो गोंधळ झाला. पालकांच्या सभेत एक जण म्हणाला, "आजोबांना आधी बाईंवर संशय, आता आवाजावर संशय. पुढच्या महिन्यात पाण्यावर." लोक हसले. दुसरा म्हणाला, बहिऱ्या माणसाला काढा. सेक्रेटरी उठला. "काढतो. त्यांच्या जागी तुम्ही उद्या सहाला या." विषय तिथेच संपला. त्या दिवसापासून तो माझ्या मनात थोडा चढला.

फेरनिवड झाली. प्रत्येक लेनवर दिवा पाहणारा माणूस. नात चौथ्या लेनमध्ये, बाई टोकाला. मला कठड्यावर बसवलं होतं. नात भिंतीला टेकली, चष्मा वर केला आणि कठड्याकडे नाही, बाईंकडे बघितलं. बाईंनी घड्याळ तिच्यासमोर धरलं.

एकतीस पूर्णांक शून्य चार.

नणंदेची मुलगी एकतीस पूर्णांक बारा. संघात पहिली आलेली एकटी गेली. निळा शर्ट नातीने स्वतः धुतला, घडी केली आणि सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवला. त्या दिवशी घरी जाताना ती मागच्या सीटवर रडत होती. मी गाडी हळू चालवली, एवढंच करता आलं.

"नणंद काय म्हणते?" मी पुढच्या रविवारी बाईंना विचारलं.

"फोन करायची बंद झाली. तसंही मला नीट ऐकू येत नव्हतं."

आता तीन महिने झाले. शनिवारी मोठ्यांची वेळ संपल्यावर तलाव अर्धा तास रिकामा असतो. नातीने स्वतः जाऊन बाईंना गाठलं, मला विचारलंही नाही. मला फक्त हुकूम आला. "आजोबा, तुम्ही पलीकडे टॉर्च घेऊन उभे राहा. हॉर्न नको." मग मी पलीकडच्या टोकाला टॉर्च लावतो, नात उडी मारते, बाई या टोकाला वेळ घेतात. परवा एकतीस पूर्णांक शून्य एक लागली. निदान बाई तसं म्हणाल्या.

टॉर्च लावली की मी अजून त्यांच्या अंगठ्याकडे बघतो. पन्नास मीटरवरून अंगठा दिसत नाही. तरी बघतो.