घडी न मोडलेलं लुगडं

अमरावतीच्या आमच्या घरात माळ्यावर दोन पेट्या होत्या. लग्नामुंजीत आलेले आहेर त्यांत पडत आणि पुढच्या लग्नामुंजीत निघून जात. कापसाला भाव आला त्या सालांत हे फारच वाढलं. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मोजण्याची खोड आहे. एका दिवाळीला मोजलं: सदतीस धोतरं, एकोणीस लुगडी, बावन्न खण. अंगावर घालण्याजोगं एकही नाही. द्यायचं म्हणून घेतलेलं कापड, ते नेसणार कोण?

त्यांत एक हिरवं लुगडं निघालं. बायकोने कोपरा उचलून पाहिला. माझ्याच दौतीतल्या शाईचा डाग.

"हे त आपलंच व्हय. मोर्शीच्या लग्नात मीच दिलं होतं."

नऊ वर्षांत ते किती घरं फिरलं, देव जाणे. घडी कोणी मोडली नव्हती. घडीवर ते आता विरलं होतं.

वैशाखात मुलीचं लग्न होतं. यादीत चौऱ्याऐंशी घरं. पत्रिकेत 'आहेर देणे-घेणे नाही' असं छापावं, असं मनात आलं. पण वरपक्षाला न विचारता छापणं बरं नव्हे, आणि विचारलं तर कंजूष ठरून जुळलेली सोयरीक मोडायची.

बायको म्हणाली, "पोरीचं नशीब कापडावर टांगून राहिले तुमी."

तरी अकोल्याला गेलो. व्याह्यांना लुगड्याची हकीकत सांगितली, पत्रिकेचं विचारलं. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"इवाईबुवा, डाग कोणत्या कोपऱ्यात?"

"डाव्या."

"मंग ते आमच्या घरूनही गेलं असंन."

आतून विहीणबाई म्हणाल्या, "डाग काय पायता? छापा म्हणा त्यायले. आपल्या तीन पेट्या कोण रिकाम्या करीन?"

परतीच्या गाडीत मला अशी झोप लागली की उतरायचं बडनेरा स्टेशन हुकता हुकता राहिलं.

लग्नाला लोक मोकळ्या हातांनी आले, पोटभर जेवून गेले. एरवी लग्नानंतर तीन दिवस बायको कोणाचं काय आलं, कोणाला काय गेलं, ते जुळवत बसायची. या खेपेस ती दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत झोपली.

पुढे पेट्यांतल्या कापडाच्या अकरा गोधड्या झाल्या. दोन मुलीसोबत अकोल्याला गेल्या. व्याह्यांनी त्यांत हिरवा तुकडा शोधला म्हणे. तो आमच्या गोधडीत आहे.