डावा तळहात

आमच्या आत्याबाईंशी, म्हणजे माझ्या सासूबाई कमलम्मांशी, वाद घालण्यात अर्थ नाही हे उदगीरच्या अर्ध्या बाजाराला ठाऊक आहे. मला मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते पुरतं उमगलेलं नाही. मी अजून घालते.

लातूरहून एक लग्न आटोपून त्या बसने परत येत होत्या. उकाडा मरणाचा, म्हणून खिडकीतून डावा कोपर बाहेर काढलेला. डाव्या बाजूने पुढे घुसणारा ट्रक बसला घासून गेला. लातूरच्या डॉक्टरांनी पट्ट्या आणि स्क्रू घालून हात वाचवला. लोक म्हणाले, नशीब थोर. हात वाचला खरा, पण वळायचा थांबला. कोपराच्या पुढची दोन हाडं एकमेकांत जुळून गेली. तळहात जमिनीकडे होई, फार तर भिंतीकडे. वर म्हणून होईना. पुन्हा ऑपरेशन केलं तरी खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

भाकरी तव्यावर टाकायला मी होते. थंडीत हात ठणकायचा, तेव्हा शेक देत होतो. पण आम्हा लिंगायतांची रोजची पूजा डाव्या तळहातावर होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या हातावर ठेवायचं, उजव्याने भस्म लावायचं, बेल वाहायचा. त्याशिवाय आत्याबाई पाण्याचा घोटही घेत नाहीत. आणि नेमका तोच हात पालथा होऊन बसला होता.

तरी त्या सोडतात कसल्या! कोपर बरगडीत रुतवून, अख्खं अंग कलतं करून त्या तळहात कसाबसा तिरपा करायच्या. काही वर्षं तसंच रेटलं, मग एक दिवस लिंग घरंगळलं आणि फरशीवर पडलं. सासरे गेले तेव्हासुद्धा त्या एवढ्या रडल्या नव्हत्या.

वीरेश, माझा नवरा, म्हणाला, "आई, पाटावर ठिवून कर की. न्हाईतर उजव्या हातावर घे. देव काय हात बघतो का?"

"देव न्हाई बघत, मी बघते. माझी पूजा कशी व्हायची ते ट्रकनं ठरवायचं का?"

त्या ट्रकच्या नावाने मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसरं काय करणार? त्या दिवसापासून आत्याबाईंनी डबी उघडली नाही; बंद डबीलाच भस्म लावून, बेल टेकवून मग पाणी घ्यायच्या.

पुढे एका पंगतीत वाढपी भरलेलं मोठं ताट खांद्यापाशी उचलून चालला होता, पंजा मागे मोडून. आत्याबाई जेवण सोडून त्याच्याकडे बघत बसल्या. घरी आल्या ते थेट कोपर पाटावर टेकवून हात उभा धरला. हात उभा असला की तो वळवावा लागत नाही, मनगट मागे मोडलं की तळहात आपोआप वर येतो. पण इतक्या वर्षांत मनगटही आखडलं होतं. मग रोज भिंतीला पंजा लावून दाबणं सुरू झालं. डोळ्यांतून पाणी यायचं.

"बस करा आता," मी म्हणायची.

"तू तव्याकडं बघ. भाकर करपून राहिली."

मनगट थोडं सैल झाल्यावर त्या तळहातावर सुपारी ठेवून बघू लागल्या. सुपाऱ्या पडायच्या आणि खाटेखालून शोधून काढायचं काम माझं. किती वेळा चिडले असेन!

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी गळ्यातली डबी उघडली. घरी आमचे स्वामी, म्हणजे घराण्याचे जंगम गुरू, आले होते. उभा हात बघून ते म्हणाले, "कमलम्मा, हात छातीपाशी पाहिजे."

"स्वामी, तुमचा हात ट्रकनं घासला न्हाई. बसा गप."

स्वामी हसले आणि खरंच गप बसले.

कोपर पाटावर, पंजा मागे. त्यांनी लिंग ठेवलं, भस्म लावलं. बेल उचलला तसा डावा हात थरथरायला लागला. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन खाली ओंजळ धरली.

"हात काढ, सुकन्या."

"पडंल हो, आत्याबाई."

"पडलं तर माझ्या हातून पडंल. काढ."

मी हात मागे घेतले. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. त्यांनी बेल वाहिला, डोळे मिटले आणि अजिबात घाई न करता सगळे मंत्र म्हणून संपवले. हात शेवटपर्यंत थरथरत होता. लिंग जागेवर होतं.