बातमीदाराच्या मागे बघ

गुडघा दुखायचा म्हणून इथे ऑस्ट्रेलियात पॅरामॅटाच्या फिजिओकडे जायचे, तेव्हा एक बाई दर मंगळवारी शेजारी बसलेली असायची. मूळची अमेरिकन, सत्तरीची, मांडीवर सोललेलं संत्रं. नाव कधी विचारलंच नाही. वेटिंगरूमच्या टीव्हीवर अमेरिका सदैव पेटलेली: मोर्चे, आरडाओरडा आणि त्यावर भांडणारे चार शहाणे. माझी लेक तिकडे शिकते, त्यामुळे मी डोळे फाडून बघत बसायचे. ही बाई मात्र टीव्ही बघून खुदकन हसायची.

एकदा मी चिडलेच. "तुमचाच देश आहे ना? हसू कसं येतं तुम्हाला?"

तिने संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली आणि टीव्हीकडे बोट केलं. "बातमीदाराकडे नको, त्याच्या मागे बघ."

मागे एक माणूस आरामात कुत्रा फिरवत होता. एक बाई दुकानापुढचा फुटपाथ झाडत होती.

"भांडणं खोटी नाहीत," ती म्हणाली, "पण कॅमेरा तेवढीच दाखवतो. तुझी लेक त्या मागच्या रस्त्यावर राहते. तिला काय जेवलीस ते विचार."

मी तेच विचारायला लागले, आणि फोनवर हं-हूं करणारी लेक भरभरून बोलायला लागली. त्या बाईचे आभार मानायच्या आत माझा गुडघा बरा झाला आणि फिजिओकडे जाणं थांबलं.

परवा लेकीचाच घाबराघुबरा व्हिडिओ कॉल आला. "आई, न्यूजमध्ये सगळीकडे वणवे दाखवतायत! आर यू सेफ?"

मी फोन फिरवला आणि माझ्या मागे दोरीवर वाळणारे कपडे तिला दाखवले.