एका बोटाची भीती

आप्पांची आणि माझी पहिली भेट हळदीच्या मांडवात झाली, आणि ती भांडणाने झाली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये मी कीबोर्ड वाजवत होतो. इंजिनिअरिंगचं कॉलेज मधेच सोडून आलेलो, घरात कोणी धड बोलत नव्हतं, त्यामुळे जो काही राग होता तो त्या कीबोर्डवर निघत होता. तेवढ्यात जेवणाची प्लेट हातात घेतलेले एक गृहस्थ स्टेजच्या कडेला येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

"बाळा," ते म्हणाले, "या पेटीने तुझं काही वाकडं केलंय का?"

"जमत असेल तर तुम्ही वाजवा ना, काका," मी म्हणालो. खरं तर याहून वाईट शब्दांत म्हणालो, पण आप्पांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला भाषा सांभाळायला सांगितलं आहे.

त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. खालच्या सप्तकातली एक पट्टी एका बोटाने दाबली आणि धरून ठेवली. बस, एवढंच. नाचणारी पोरं थांबली. बायकांचे हळदीचे हात नवरीच्या गालाजवळ तसेच राहिले. नवरीचे मामा स्वयंपाकाच्या बाजूने धावत आले, "काय झालं? कोणाला काय झालं का?"

गृहस्थांनी बोट उचललं. "कोणाला काही नाही, चालू द्या," असं मामांना सांगून त्यांनी माझ्याकडून प्लेट घेतली आणि ते जिलबीच्या रांगेत गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. तो आजतागायत त्यांच्या मागेच आहे.

आप्पा म्हणजे रघुनाथ खैरनार. मूळचे नामपूरचे. लहानपणी भजनाला पेटी धरायचे, पुढे नाशिकला शाळेत संगीतशिक्षक झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळा सांभाळून त्यांनी जो उद्योग केला त्यासाठी हा ग्रंथ निघतो आहे. ते भयपटांना पार्श्वसंगीत देतात, आणि तेही इतक्या थोड्या सुरांत की पेपरवाले त्यांना 'मिनिमलिस्ट संगीतकार' म्हणतात. माई, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवती, म्हणतात, "एवढा मोठा शब्द कशाला? कंजूष म्हणा. आम्हाला घरात सवय आहे."

भयपटच का, असं मी एकदा त्यांना विचारलं. आप्पा म्हणाले, "प्रेमाच्या सिनेमात लोक खाकरतात, फोन बघतात, कुरकुरे फोडतात. भुताच्या सिनेमात कान देऊन बसतात. एवढं मन लावून माझं वर्गात कोणी ऐकलं नाही."

गंमत म्हणजे आप्पा स्वतः भयंकर भित्रे आहेत. पाल दिसली तरी खुर्चीवर पाय घेतात. ते पडद्याकडे बघतच नाहीत. काम करताना पडद्यासमोर माई बसतात, मांडीवर मटारची परात घेऊन, आणि समालोचन करतात, "आता ती बाई जिन्यावर चढली. आता कंदील गेला. वेडी आहे का ही, एकटी कशाला जाते!" आप्पा पेटीकडे बघत सूर लावतात. शेवटी माईंना विचारतात, "आली का भीती?" माई सोलता सोलता म्हणतात, "नाही हो. जास्त झालं." मग सुरू होते ती छाटणी.

हा आप्पांचा खास शब्द. आपल्याकडे द्राक्षबागेच्या दोन छाटण्या असतात. एप्रिलची खरड छाटणी, जिच्यात वेल पार बोडका करतात आणि नवख्या माणसाला वाटतं की बाग मेली. आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, जिच्यानंतर घड येतो. आप्पा आधी सुरांची खरड छाटणी करतात. महिनाभर बसवलेलं सगळं काढून टाकतात. मला पहिल्यांदा रडू आलं होतं, कारण काढलेल्यातलं बरंचसं मी वाजवलेलं होतं. "असू दे," ते म्हणाले, "खोड जिवंत आहे ना? मग फुटेल."

त्यांच्या स्वभावाबद्दल काय सांगू? माझे वडील, म्हणजे दादा, मखमलाबादला झेंडू आणि पालेभाजी लावतात. कॉलेज सोडल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आप्पा एका सकाळी मला न सांगता मळ्यात गेले. संगीताचा विषय काढला नाही. बांधावर बसून दादांबरोबर मेथीच्या जुड्या बांधल्या. शेवटी दादांनीच तोंड उघडलं, "मास्तर, पोरगं वाया गेलं का हो?"

"वाया नाही गेलं. पण फार वाजवतं," आप्पा म्हणाले. "अजून थोडा वेळ द्या."

त्या संध्याकाळी दादा मला म्हणाले, "जेवलास का?" माझ्या घरी याला समेट म्हणतात.

आणखी एक उपकार आहे, आणि तो लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. आप्पांकडे गाणं शिकायला गौरी येते. तिने नुसता 'सा' लावला तरी माझी बोटं चुकतात, हे तिला सोडून सगळ्या क्लासला माहीत होतं. मी तिच्यासाठी एक गाणं रचलं. चांगलं लांबलचक होतं. त्यात चंद्र होता, गोदावरी होती, माझं काळीज तर प्रत्येक कडव्यात होतं. पाठवण्याआधी ते आप्पांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, ही त्यांची सहनशक्ती. मग म्हणाले, "खरड छाटणी कर."

मी कडवी काढली. चंद्र काढला. गोदावरी काढायला जीव होईना, पण काढली. शेवटी जे उरलं ते मी गौरीला पाठवलं, "उद्या चहाला येतेस का?"

ती आली. चहात साखर कमी आहे म्हणाली, पण आली.

आता ज्या प्रसंगाने आप्पांचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं त्याकडे येतो. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे एक मोठे व्यापारी आहेत. सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांनी हौसेने भयपट काढला, 'दार लावून घ्या'. कथा कोल्ड स्टोअरेजमध्ये अडकलेल्या एका बाईची, आणि शूटिंग शेठच्याच स्टोअरमध्ये. आप्पा तिथे गेले, कंप्रेसरच्या घरघरीला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "याचा सूर पेटीच्या काळी दोन पट्टीच्या जरा खाली लागतोय." संगीत तिथेच ठरलं. सिनेमाभर त्या मशीनची घरघर, तिच्याखाली पेटीचा एक सूर, आणि शेवटी गौरीचा आवाज, एकच स्वर. गौरीचं हे पहिलं काम होतं.

शेठनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आप्पा, यात संगीत कुठं हाय? भूत आलं की ढॅण्ण पाहिजे! व्हायलिन पाहिजे, किंकाळी पाहिजे. हे तर माझं स्टोअर वाजतंय. ते मी रोज फुकट ऐकतो."

मी म्हणालो, "शेठ, तुम्ही द्राक्षं विका. संगीत तुमच्या—" पुढचं वाक्य आप्पांनी माझ्या पायावर पाय देऊन थांबवलं. ते चिडले किंवा लाडात आले की नामपूरच्या अहिराणीत बोलतात. "तुनं डोकं लई गरम शे रे भाऊ," ते पुटपुटले. मी आजही म्हणतो की माझा मुद्दा बरोबर होता.

शेठनी फैसला सांगितला. मुंबईचा एक संगीतकार ढॅण्ण घेऊन तयारच होता. रविवारी दुपारी शेठच्या पॅकहाऊसमागच्या हॉलमध्ये आपल्या माणसांना सिनेमा दाखवायचा. माणसं घाबरली तर आप्पांचं संगीत राहील. नाही घाबरली तर सगळं काढून मुंबईवाल्याचं लावायचं, गौरीच्या आवाजासकट. "आणि ह्या पोराला आणू नका," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले.

"आणावं लागेल," आप्पा शांतपणे म्हणाले. "आवाजाची कळ त्याच्या हाताखाली आहे. त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही." माझ्यासारख्या माणसाबद्दल असं वाक्य याआधी कोणी बोललं नव्हतं. मी तोंड मिटून लॅपटॉप उचलला.

तो ऐन हंगाम होता. स्टोअर मालाने गच्च भरलेलं. हॉलमध्ये बागाईतदार, पॅकिंगच्या बाया, टेम्पोवाले, पुढच्या खुर्चीत मशीन सांभाळणारे सोपानभाऊ आणि मधोमध शेठ. दारं लावली, खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. स्टोअरचं खरं मशीन आत ऐकू येईना.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला तासभर कोणीही घाबरलं नाही. बाया आपसात बोलत होत्या, "अगं, ती बघ आपली ट्रॉली!" "माझा हात दिसला, माझा हात!" भूत आलं तर एक टेम्पोवाला म्हणाला, "याला लोडिंगला घ्या, उंच हाय." हॉल हसला. शेठ मान वळवून माझ्याकडे बघून हसले. गौरी भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक पिळत. माझं डोकं तापलं. आवाज वाढवावा, काहीतरी कडाडून वाजवावं, म्हणून हात पुढे गेला. आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांब," ते म्हणाले. त्यांची नजर अर्थातच पडद्यावर नव्हती, जमिनीवर होती.

पडद्यावर ती बाई दारापर्यंत पोचली. तिने दारावर हात ठेवला. आप्पांनी माझं मनगट सोडलं. मी कळ खाली ओढली, आणि तासभर चाललेली घरघर बंद झाली.

तोवर ती घरघर संगीत आहे हे सगळे विसरले होते. ती त्यांना आपल्या स्टोअरचीच वाटत होती. सोपानभाऊ ताडकन उभे राहिले.

"मशीन बंद पडलं!"

"जनरेटर!" शेठ ओरडले. "सोपान, जनरेटर लाव! अरे माल गेला, माल गेला!" खुर्च्या पडल्या. बागाईतदार दाराकडे धावले. एक बाई मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागली. शेठ एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे अंगणातून स्टोअरकडे पळत सुटले.

स्टोअर मजेत घरघरत होतं.

मंडळी एकेक करून परत आली. सिनेमा चालूच होता. सगळे अंधारात खुर्च्या सरळ करत होते, आणि तेवढ्यात, त्या शांततेतच, गौरीचा एक स्वर आला. अख्खा हॉल किंचाळला. शेठ सगळ्यांत जोरात.

दिवे लागल्यावर शेठ घाम पुसत म्हणाले, "आप्पा, हे खोटं हाय. ही भीती भुताची नाय, मालाची हाय!"

"शेठ," आप्पा म्हणाले, "भूत ज्याचं त्याचं वेगळं असतं. मी फक्त जागा रिकामी ठेवली."

शेठ हुशार माणूस. ते म्हणाले, "बरं. पण मुंबईत कोणाची द्राक्षं स्टोअरला हायेत? ती माणसं कशाला भितील?"

मी लॅपटॉप मिटायला घेतला. मला वाटलं, संपलं. तेव्हा भिंतीजवळून गौरी म्हणाली, "काका, मुंबईच्या लोकांकडे फ्रीज नाही का? घरात एकटं असताना तो घरघरायचा थांबला की मान वळतेच ना?"

पॅकिंगच्या एक मावशी म्हणाल्या, "खरंय बाई. माझा पंखा बंद पडला तरी मी दचकून उठते." शेठनी एक पाय दुसऱ्या पायावर घासला, चप्पल कुठे दिसते का ते पाहिलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. मुंबईवाल्याला फोन करून सांगतो, आमचं झालं."

पुढे तो सिनेमा ठिकठिकाणी लागला आणि लोक घाबरले, हे आपण सगळे जाणताच. गौरीला आता पुण्याहून कामं येतात. मी तिला त्यानंतर काय विचारलं आणि ती काय म्हणाली, हे छापायची परवानगी तिने दिलेली नाही. आप्पांना माहीत आहे. ते नुसते हसतात.

आप्पांच्या साठीच्या समारंभाला शेठनी परस्पर ढोलपथक सांगितलं आहे. हे कळल्यावर मी पेटलो. ज्या माणसाने आयुष्यभर एकेक सूर जपून वापरला त्याच्यासमोर ढोल? मी फोन करून पथक रद्द करणार होतो. आप्पांनी मला थांबवलं. म्हणाले, "असू दे रे. पोरं किती दिवस झाले सराव करताहेत. त्यांना वाजवायचंय, आणि शेठना आनंद झालाय. आपण ऐकायचं."

तेव्हा मंडळी, त्या दिवशी ढोल वाजणार आहेत, चांगले कानठळ्या बसवणारे, आणि आप्पा पहिल्या खुर्चीत बसून त्यांना मनापासून दाद देणार आहेत. आप्पा, गुडघ्यांना तेल लावत चला, गोळ्या माई देतील तेव्हा घ्या, आणि पालींना घाबरणं सोडू नका. अजून पुष्कळ वर्षं, तुमचे पांढरे केस आणखी पांढरे होईपर्यंत, आणि आमचेही व्हायला लागेपर्यंत, तुम्ही आम्हाला असंच घाबरवत राहा. आम्ही कान देऊन बसलो आहोत.