दुकानदाराची हाक

रविवारी जेवणं आटोपली आणि मी आडवा झालो होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमच्या गेमची मालिका आली. कार्टूनमधे. हिंदीत आहे."

मी उठून बसलो. 

माझा मलकापुरात जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. दहावीनंतर जुने टायर विकत सुरुवात केली. डोक्यावर कोणाचा हात नव्हता. लोक म्हणतात हा माणूस तापट आहे, आणि सौद्याला याच्यासमोर बसू नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सौदा मला बाजारानं शिकवला नाही. तो शिकवला एका गेममधल्या दुकानदारानं, आणि त्याच दुकानदारापायी मी नातेवाइकांत खोटारडा ठरलो.

आम्ही मूळचे दुसरबीडचे. काका नोकरीमुळे जळगाव जामोदला राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिकडे पाठवायचे, आणि मी आनंदानं जायचो, कारण काकाच्या मुलाकडे टीव्ही गेम होता. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. गेम त्याचा, कॅसेट त्याची, रिमोटही आधी त्याच्याच हातात. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायचं काम माझं.

त्या कॅसेटमधे एक पोरगं डोंगरदऱ्या तुडवत राक्षसाच्या किल्ल्याकडे निघालेलं असे. वाटेतल्या गावात एक जाड मिशीवाला दुकानदार होता. तलवार त्याच्याकडे, आणि भाव असा की दादा दुपारभर जंगलात लांडगे मारून नाणी जमवायचा, तरी कमी पडायची. गेम बंद केला की सगळं पहिल्यापासून. जमवलेलं काही शिल्लक राहत नसे.

एकदा दादा आंघोळीला गेला. जाताना बजावून गेला, "हात नको लावू बे." मी लावला. पोराला दुकानात नेलं. इंग्रजी येत नव्हतं, पण 'हो' आणि 'नाही' ओळखू येत होतं. त्या भावाचा मला रागच आला. 'नाही' दाबलं, परत दाबलं, आणखी दाबलं, आणि पोराला दाराकडे वळवलं. उंबरठ्यावर पोहोचलो तेव्हा हाताला घाम सुटला होता, म्हणून रिमोट खाली ठेवून चड्डीला हात पुसले. पोरगं तसंच उभं, एक पाय दुकानात, एक बाहेर. आणि दुकानदारानं आपणहून हाक मारली. भाव निम्म्यावर आला होता.

मी तलवार घेतली आणि ओरडत सुटलो. दादा टॉवेल गुंडाळून पळत आला, आणि त्यानं टीव्हीकडे पाहायच्या आत लाइट गेली.

लाइट आल्यावर सगळं पहिल्यापासून खेळावं लागलं. दादानं 'नाही' म्हणून पाहिलं, दारात थांबून पाहिलं. दुकानदार ढिम्म. किती वेळा 'नाही' म्हणायचं हे माझ्याही ध्यानात नव्हतं. मी चिडलो, दादा हसला. काका, म्हणजे दादाचे आबा, पेपर वाचत होते. मान वर न करता ते म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याच्या हाती रिमोट नको देत जाऊ."

मी पिशवी उचलली. दाराशी जरा थांबलो. कोणी हाक मारली नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिलो आणि भूक लागली म्हणून आपणच आत आलो. त्यानंतर सुट्टीत जळगाव जामोदला गेलो नाही.

पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात दादा भेटला की दहा माणसांत विचारायचा, "काय बे, बोलावलं का दुकानदारानं?" ज्यांना गेम म्हणजे काय हे माहीत नाही तेही हसायचे. मी जेवणाचं ताट ठेवून निघून आलो आहे, एकदा नाही, दोनदा.

धंद्यात मात्र मी तेच केलं. समोरचा भाव सोडत नसेल तर उठायचं, आणि दारात चप्पल घालायला वेळ लावायचा. माझ्या चपलेचा अंगठा अशा वेळी हटकून अडकतो. शंभरातले नव्वद जण मागून हाक मारतात.

त्या गेमचे पुढं बरेच भाग आले. मी सगळे घेतले, आधी कॉम्प्युटरवर, मग मोबाइलवर. एकातही दुकानदारानं हाक मारली नाही. मुलीनं इंटरनेटवर शोधलं, तिथंही कोणी तसं लिहिलेलं नव्हतं. आमची कॅसेट डुप्लिकेट, कोणत्या जुन्या भागाची कोण जाणे. मग गाडी चालवताना कधीकधी मनात यायचं की मी हे मनानंच बनवलं तर नसेल? उन्हात डोकं तापलेल्या बारा वर्षांच्या पोरानं? आणि त्यावरच आपण धंदा उभा केला? हे मात्र मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून त्या रविवारी मालिका पाहायची होती आणि पाहायची नव्हतीही.

पहिला भाग बरा होता. डोंगर अगदी तसाच, लांडगे तसेच, गाण्याची चालही तीच. दुसऱ्या भागात पोराला एक तलवार गुहेत फुकट सापडली.

"असं कुठं असते का?" मी म्हणालो. "फुकट? गुहेत? लेकाच्यांनी गेम खेळला तरी आहे का?"

"पप्पा, ते तुमचं ऐकून नाही राह्यले," मुलगी म्हणाली.

बायको गवार मोडत बसली होती. "टीव्हीशी काऊन भांडून राह्यले तुम्ही? तो काही भाव कमी नाही करत."

तिसऱ्या भागात ती तलवार मोडली. मी पुढं सरकून बसलो. चौथ्यात ते गाव आलं. वळणावरची विहीर दिसली तेव्हाच मी ओळखलं. दुकानाचं दार, आत मिशा. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही ती गोष्ट पाठ होती, दादाच्या तोंडून ऐकलेली.

दुकानदारानं भाव सांगितला. पोरगं नाही म्हणालं. दुकानदारानं तलवारीची तारीफ केली. पोरगं पुन्हा नाही म्हणालं. तिसऱ्यांदा नाही म्हणून ते वळलं. बायकोच्या हातातली गवार थांबली. पोरगं उंबरठ्यावर आलं, एक पाय आत, एक बाहेर, आणि उभं राहिलं. ते किती वेळ उभं होतं ते मला सांगता येणार नाही.

"रुको," दुकानदार म्हणाला.

मी पाणी प्यायला आत गेलो. माठावर हात ठेवून उभा राहिलो. जिंकल्यासारखं वाटेल असं समजत होतो, पण तसं काही नव्हतं. डोक्यावरचं पोतं कोणीतरी मागून उचलून घ्यावं आणि मानेला ते हळूहळू कळावं, तसं झालं. मी बनवलं नव्हतं. तीनदा नाही म्हणायचं होतं, एवढंच.

बाहेर येऊन दादाला फोन लावला. तो आता जळगाव जामोदलाच मास्तर आहे.

"दादा, एक मालिका आली आहे..."

"पाह्यली मी. गुरुवारीच."

"चौथा भाग?"

"हाव. चौथा बी पाह्यला."

"मग फोन काऊन नाही केला बे?" मोठ्या भावाला बे म्हणालो, ते नंतर लक्षात आलं.

"म्हटलं तू करशील." मग विषय बदलून, "बाकी काय, कसं काय? पऱ्हाटी कशी आहे तिकडची?"

पऱ्हाटी. पंचवीस वर्षांचा हिशेब समोर पडला होता आणि हा माणूस मला कपाशी विचारत होता. तोंडात आलेली शिवी मी गिळली. या दिवसासाठी काय काय बोलायचं ते कितीदा घोकलं होतं, पण त्यातलं एक वाक्यही मला आठवलं नाही.

"बरी आहे," मी म्हणालो. "बरं, ठेवतो मग."

आणि फोन ठेवला नाही. कानाला तसाच धरून उभा राहिलो. तिकडूनही फोन कट झाला नाही. त्याच्या घरात कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"थांब बे," दादा म्हणाला.

मी थांबलेलोच होतो.

"तू खरं बोलला होता. मले तेव्हाच वाटलं होतं. तुझं तोंड पाहून कळत होतं. पण आबांसमोर कसं म्हणू? मग बोलायचं राहूनच गेलं. लग्नात मी उगाच... जाऊ दे. चुकलं माझं."

मी फोन स्पीकरवर टाकला. बायको आणि मुलगी दोघी समोर बसल्या होत्या.

"आवाज कटून राह्यला दादा," मी म्हणालो. "पुन्हा एकदा सांग."