डाव्या बुटाचं टोक

रायापूरच्या मैदानावर दर रविवारी सकाळी आम्ही फुटबॉल खेळतो. आमचा गोलकीपर अळणावर गावचा एक सुतार आहे. चेंडू अडवला की दर वेळी मला विचारतो, "सोडू का, अण्णा?" वयानं तो थोरला, तरी मला अण्णा म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करतो. चेंडू घरी सांभाळतो तो, पण विकत घेतलेला मी, म्हणून पोट सुटलं तरी फॉरवर्ड मीच.

पहिल्या दिवशी तो अनवाणी आला होता. मी म्हटलं, "आज गोलमध्ये उभा राहा. बूट आणलेस की पुढं घेतो." पुढच्याच रविवारी त्यानं बूट आणले. त्याला आता सहा वर्षं झाली.

गोलमध्ये उभ्या माणसाचे बूट फारसे झिजत नाहीत. याच्या डाव्या बुटाचं टोक मात्र पार उसवलंय. मला ते दिसायचं, पण मी कधी विचारलं नाही.

परवा मी लवकर पोचलो. मैदानात तो एकटाच होता. पाण्याच्या बाटल्या मांडून, त्यांच्यामधून डाव्या पायानं चेंडू काढत धावला आणि लांबूनच गोलच्या वरच्या कोपऱ्यात मारला. माझ्या जन्मात मला असा एक गोल जमलेला नाही.

मला बघून तोच ओशाळला. "सुम्न, अण्णा," तो कानडीत म्हणाला, "उगाच आपलं." चेंडू शर्टाला पुसून त्यानं माझ्या हातात दिला आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

'आज तू पुढं खेळ.' म्हणायचे तर चारच शब्द होते. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती बांधलेलीच होती.