बोर्डावरचं कुंकू

सोल्डरिंग आयर्न तापलं होतं, पण मी ते अजून उचललं नव्हतं. पलीकडे पलंगावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि त्यांची वाचा माझ्यासमोर टेबलावर उघडी पडलेली.

वाचा म्हणजे त्यांचा जुना कॉम्प्युटर. मी शाळेत असताना घेतलेला, टीव्हीला जोडायचा, की-बोर्डाच्याच पोटात सगळं यंत्र. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. ड्युटीवरून आले की याच्या मागे. आधी मेमरी वाढवली, मग की-बोर्ड बदलला, मग कॅसेटच्या जागी कार्ड बसवलं. आई म्हणायची, "एवढं नटवताय, आता स्थळ बघा त्याला."

मागच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मोबाईल हातात दिला तर फेकून दिला. एक दिवस सहज म्हणून हा कॉम्प्युटर लावून समोर ठेवला, तर डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी टीव्हीवर लिहिलं, 'चहा'. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. आई रडत रडत शेजारणीला सांगायला धावली, आणि चहा राहिलाच. तेव्हापासून बाबा त्यावरच बोलत.

गेल्या आठवड्यात तो बंद पडला आणि बाबांनी जेवण टाकलं. डॉक्टर म्हणाले, "औषधं चालू आहेत, पण त्यांनी मनानंच सोडलं तर आम्ही काय करणार?" त्याच दिवशी मी कॉम्प्युटर उघडला.

आतला वीज-सप्लाय आणि मेमरी दोन्ही गेले होते. सुटे भाग मी मागवले. पण हे मॉडेल विकत असतानाच कंपनीनं आतला बोर्ड बदलला होता. आधीच्या बोर्डात मेमरीला बारा व्होल्ट जातात, नंतरच्यात पाचच. दिसायला दोघं जुळे भाऊ. पाचाची चिप बारावर बसली की धूर, आणि सोबत मुख्य चिपही जाणार. ती आता कुठेही मिळत नाही. मीटरनं मोजावं तर सप्लायच बंद, आणि नवाही बोर्ड पाहूनच लावायचा; जुन्या चिपवरचा नंबर जळून गेलेला. बाबांना विचारलं, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आता बोर्ड कोणता, ते फक्त कोपऱ्यात छापलेल्या आकड्यावरून कळणार.

तो आकडा कुंकवाखाली होता.

आमच्याकडे खंडेनवमीला बाबांचे टेस्टर, पक्कड, सगळं पाटावर मांडतात, मामाच्या मळ्यातले झेंडू वाहतात. त्यात हा कॉम्प्युटरही. आईचा हट्ट, की झाकण उघडायचंच. "नैवेद्य काय डब्याच्या झाकणाला दाखवतात?" बाबांनी कपाळाला हात लावला आणि जिथे एकही तार जात नाही तो कोपरा तिला दाखवला. नेमका तोच. वर्षानुवर्षं ओलं कुंकू तिथेच लागत गेलं, आणि त्याची आता खपली झाली होती.

मी स्पिरिटचा बोळा उचलला, तशी आईनं माझं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"पुसतेय."

"कुंकू पुसतेस? हे असे पडलेले असताना?"

"अगं, खालचा आकडा दिसत नाहीये!"

"नसू दे. अंदाजानं लाव."

"आणि जळलं म्हणजे?"

"आणि पुसल्यावर ह्यांना काही झालं म्हणजे? तू आणून देणार आहेस परत?"

"काहीतरीच काय बोलतेस!" मी ओरडले. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय मी, सातपूरच्या कंपनीत जन्म गेला. पण खरं सांगते, बोळा मी खाली ठेवला. पुसलं आणि खरंच काही झालं तर? आई थरथर कापत होती. मळ्यात बिबट्या आला तेव्हा काठी घेऊन धावलेली बाई ती. तिला तसं पाहून माझं उरलंसुरलं अवसानही गळालं.

पलंग करकरला. बाबा वळले होते. डावं बोट हलवत होते, इकडे आण म्हणून. मी बोर्ड त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं आणि खपली चोळायला लागले. आई "अहो, नको ना, नको ना" म्हणत राहिली. बोट लालभडक झालं. मग तो हात आईकडे वर गेला आणि तिथेच लटपटत राहिला. आईला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती खाली वाकली. तिच्या कपाळावर कुंकू वाकडं लागलं, भुवईपर्यंत ओघळलं. ती तशीच वाकून राहिली.

बोर्डावर आकडा दिसला. आधीचा बोर्ड. माझ्या हाताशी चिमट्यात धरून ठेवली होती ती पाचाची चिप. ती बाजूला ठेवून मी बाराची घेतली; दोन्ही मागवून ठेवल्या होत्या.

सगळं बसवून झालं तेव्हा दिवेलागण झाली होती. बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. आई देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून उभी. शेवटी दाबलं. टीव्ही काळाच राहिला. गेलं, मी म्हटलं, गेलं सगळं. मग पडदा हळूहळू उजळला आणि कोपऱ्यात चौकोन लुकलुकायला लागला.

बाबांनी बोट उचललं. चहाच मागणार म्हणून आई आधीच गॅसपाशी गेली. एकेक अक्षर उमटत गेलं. सगळी हयात विजेच्या तोंडाशी नोकरी केलेला हा माणूस. आम्ही दोघी भांडत होतो तेव्हा त्याला कसं वाटत असेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

'मी पण घाबरलो होतो.'

"काय म्हणतायत गं?" आईनं आतून विचारलं. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. मी आत जाऊन गॅस बंद केला, तिला हाताला धरून टीव्हीपुढे आणलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं.